मैल्याची माती करणारा माणूस : अप्पासाहेब पटवर्धन

मी प्रथम वर्षाला असताना मराठीच्या सरांनी आम्हांला गांधीजींची आत्मकथा वाचून तिच्यावर टिपण लिहायला सांगितले होते. ग्रंथालयातून मला जी प्रत मिळाली तिला वरचे वेष्टन नव्हते आणि पाने पिवळी पडलेली होती. आतल्या पानावर मराठी अनुवादकाचे नाव छापलेले होते : सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. ते वाचून मी पान उलटले. अनुवादकाचे नाव कोण लक्षात ठेवतो? टिपणे तपासून परत देताना सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला. हा अनुवादक कोण, हे वर्गात कुणालाच सांगता आले नाही. तेव्हा सरांनी एवढेच सांगितले, की इतके नितळ मराठी लिहिणाऱ्या या एम. ए. झालेल्या माणसाने आयुष्याचा मोठा काळ संडास साफ करण्यात आणि संडास बांधण्यात घालवला. वर्ग हसला. मीही हसलो.

पण गावी जाताना एस. टी. मध्ये माझे हसू मावळले. कारण माझे बाबाही संडासच बांधतात.

आमचे गाव राळेगाव तालुक्यात. बाबा मिस्त्री आहेत. आधी ते मिस्त्र्याच्या हाताखाली विटा-गारा वाहायचे, मग थापी हातात आली. घर बांधायचे काम त्यांना क्वचित मिळते. पण गेल्या दहा वर्षांत आसपासच्या गावांत जितके संडास आणि टाक्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी त्यांच्या हातच्या आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गात वडिलांचा धंदा विचारला तर मी बांधकाम एवढेच सांगत असे, कशाचे ते सांगत नसे. त्यामुळे सरांचे ते वाक्य मला एस. टी. मध्ये टोचत राहिले. मग मी अप्पासाहेब पटवर्धनांविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते या लेखात मांडत आहे.

विदर्भातल्या माणसाला स्वच्छता म्हटले की गाडगेबाबा आठवतात, आणि ते योग्यच आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या संताने दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडली. अप्पासाहेबांचा प्रश्न याच्या पुढचा होता. झाडून गोळा केलेली घाण, आणि विशेषतः माणसाचा मैला, शेवटी जातो कुठे? आणि तो तिथवर कोण नेतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले.

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात, एका ब्राह्मण कुटुंबात झाला. ते अभ्यासात अतिशय हुशार. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि काही काळ त्यांनी पुण्यात अध्यापनही केले. त्या काळी एम. ए. झालेली माणसे जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी असत. पुढचा रस्ता सरळ होता : प्राध्यापकी, पुस्तके, मानसन्मान. आज आपल्यापैकी कित्येकांचे स्वप्न जिथे संपते तिथून हा माणूस उठला आणि साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात गेला.

आश्रमात आलेल्या प्रत्येकाला संडास-सफाई करावी लागे. तिथे पदवी कुणी विचारत नसे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सर्व माणसे समान आहेत हे अप्पासाहेबांनी पुष्कळ वाचले असेल. बादली हातात घेतल्यावर त्या वाक्याला किती वजन असते ते त्यांना कळले असावे. पुढे त्यांनी गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद केला. तोच मी वाचला. आश्रमातून ते कोकणात परतले ते खादी, राष्ट्रीय शिक्षण आणि अस्पृश्यता निवारण ही कामे घेऊनच. १९३० साली वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा येथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्यात त्यांचा पुढाकार होता. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले. मात्र अप्पासाहेबांचे वेगळेपण मला मिठापेक्षा तुरुंगातल्या एका प्रसंगात दिसते.

साल १९३२. अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात राजकीय कैदी होते. तुरुंगात इतर कामे सर्वांना वाटून दिलेली असत. संडास साफ करण्याचे काम मात्र जातीवर ठरलेले होते. सरकारच्या भिंतींच्या आतही जात जशीच्या तशी होती. अप्पासाहेबांनी ते काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. अधिकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असेल. कैदी काम टाळण्यासाठी भांडतात. हा कैदी सर्वांत हलके समजले जाणारे काम मिळावे म्हणून भांडत होता. परवानगी नाकारली गेली. तेव्हा त्यांनी आपला आहार तोडला आणि हळूहळू उपवासाकडे गेले.

त्या वेळी गांधीजी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते. पुणे करार होऊन अडीच महिनेही झाले नव्हते. अप्पासाहेबांची बातमी त्यांना कळली. आपल्या सहकाऱ्याची मागणी न्याय्य आहे असे मानून ३ डिसेंबर १९३२ रोजी गांधीजींनीही सहानुभूतीचा उपवास सुरू केला. सरकार हलले. या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तो उपवास सुटला. देशाच्या इतिहासात हा प्रसंग एका ओळीचा असेल. पण मला तो मोठा वाटतो. मैला उचलणे हे जन्माने ठरलेले काम नाही, ते कुणीही करू शकतो आणि मागून घेऊ शकतो, एवढे एकच तत्त्व सिद्ध करण्यासाठी एका एम. ए. झालेल्या माणसाने आपला जीव पणाला लावला.

तुरुंगाबाहेर आल्यावर हे काम थांबले नाही. कोकणातल्या गावांत मेलेले जनावर ओढून नेणे हे काम एका ठरावीक समाजावर लादलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे काम सोडून देण्याचा संदेश दिल्यावर त्या समाजाने मान ताठ करून ते नाकारले. मग मेलेले ढोर गावात पडून राहू लागले. अशा वेळी गावातल्या शहाण्यांनी नाके धरली आणि जुनी रीत पुन्हा सुरू करा म्हणून दबाव आणला. अप्पासाहेबांनी मात्र सुरी हातात घेतली. ते स्वतः मेलेल्या जनावराचे कातडे सोलायला शिकले. कातडे कमावणे, हाडांचे खत करणे, मांसाचा शेतीला उपयोग करणे या सर्वांचा त्यांनी अभ्यास केला. ज्या हातांनी संस्कृत ग्रंथ चाळले ते हात कातड्याला लावले म्हणून नातलगांनी आणि गावाने त्यांना काय काय ऐकवले असेल याची कल्पना आपण करू शकतो. आजही माझ्या गावात मेलेल्या बैलाला हात लावणाऱ्याला घरात पाणी मिळेलच याची खात्री नाही.

१९४८ साली कणकवलीजवळ, गड नदीच्या काठी, त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. (वर्ध्यालाही एक गोपुरी आहे, ती वेगळी.) हा भाग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो. स्वराज्य मिळून वर्षही झाले नव्हते. अनेक सत्याग्रही कायदेमंडळाच्या वाटेला लागले होते. अप्पासाहेब कातडी कमावण्याचा उद्योग, शेती, खत आणि संडास यांच्या वाटेला लागले. योगायोग पाहा, साधारण याच काळात, १९४६ पासून, आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात विनोबाजी पवनारहून खांद्यावर फावडे टाकून रोज सुरगावला सफाईसाठी चालत जात होते. दोघांची वाट एकच होती.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळतो. त्या काळी शहरांत आणि मोठ्या गावांत टोपलीचे संडास असत. खाली टोपली किंवा डबा. रोज पहाटे सफाई करणारी बाई किंवा पुरुष येऊन तो मैला डोक्यावरून वाहून नेई. पावसाळ्यात टोपली गळे आणि तो ओघळ अंगावरून जाई. खेड्यात संडास नव्हतेच. लोक डबा घेऊन बाहेर जात. म्हणजे एकीकडे माणसाच्या डोक्यावर मैला, तर दुसरीकडे रस्त्याच्या कडेला. पटकी, विषमज्वर, हगवण, जंत ही दोन्हींची फळे.

अप्पासाहेबांच्या लक्षात आले की नुसत्या दयेने हा प्रश्न सुटणार नाही. सवर्णांनी चार दिवस हातात झाडू घेतला तर वर्तमानपत्रात छायाचित्र येईल. पण टोपली राहिली तर पाचव्या दिवशी ती उचलायला तोच माणूस येईल. म्हणून मूळ दोष संडासाच्या रचनेत आहे असे त्यांचे म्हणणे होते. संडासच असा बांधायचा की मैला वाहून नेण्याची गरजच पडू नये. जिथे पडला तिथेच तो कुजावा, त्याची माती व्हावी, आणि ती माती घरच्याच माणसाने न किळसता शेतात न्यावी. त्यांच्या सर्व प्रयोगांचा हा गाभा आहे.

हे घडते कसे? आश्रमात चराचे संडास असत. लांब चर खणायचा, वापरल्यावर प्रत्येकाने त्यावर माती लोटायची. मातीचा थर बसला की माशी बसत नाही, दुर्गंधी येत नाही, आणि मातीतले सूक्ष्म जीव आपले काम सुरू करतात. पुढचा टप्पा आळीपाळीच्या दोन खड्ड्यांचा. एक खड्डा वापरात असतो, दुसरा मिटलेला. पहिला भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. मिटलेल्या खड्ड्यात पाणी जमिनीत मुरते. मैला, पालापाचोळा, राख कुजत जाते. रोगाचे जंतू हळूहळू मरतात. सर्वांत चिवट असतात ती जंतांची अंडी. म्हणून किमान वर्षभर तरी खड्डा मिटलेला ठेवावा लागतो. त्यानंतर तो उघडला तर आत मैला नसतो, भुसभुशीत काळी माती असते. आपल्या आज्या-पणज्या याला सोनखत म्हणत. गावाने हा शब्द सांभाळला, पण वस्तू टाकून दिली.

गोपुरीत याच्याही पुढचा प्रयोग झाला. गोबर गॅसच्या यंत्राला संडास जोडण्याचा. हवाबंद खड्ड्यात शेण आणि मैला एकत्र कुजला की जळाऊ वायू तयार होतो. त्यावर चूल पेटते आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. मैल्याच्या वायूवर शिजलेला भात खायचा, ही कल्पनाच त्या वेळी लोकांना शिसारी आणणारी होती. वास्तविक वायूला ना जात असते ना विटाळ. पण आपल्याकडे विज्ञानाला आधी विटाळाच्या उंबरठ्यावर अडवले जाते.

अप्पासाहेबांनी हे प्रयोग आश्रमाच्या कुंपणात ठेवले नाहीत. त्या काळी या चळवळीला भंगीमुक्ती म्हणत. ज्या जातीच्या नावाने ती ओळखली जाई ते नाव आज आपण कुणालाही उद्देशून वापरू नये, वापरतही नाही. तो शब्द इथे केवळ इतिहास म्हणून आला आहे. गावोगाव जाऊन अप्पासाहेबांनी स्वतः सफाई केली, संडास कसा बांधावा ते शिकवले. सरकारलाही प्रश्नाची जाणीव झाली होती. मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली समिती नेमली. पुढे केंद्र सरकारची मलकानी समिती आली. तिचा अहवाल १९६० चा. अहवाल कपाटात राहिले आणि टोपल्या डोक्यावर राहिल्या. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले, आणि अधिक कडक कायदा २०१३ साली झाला.

अप्पासाहेब तोपर्यंत नव्हते. १९७१ च्या मार्च महिन्यात त्यांचे निधन झाले. एका आयुष्यात एवढे मोठे काम पुरे होणे शक्यच नव्हते. परंतु बी रुजले होते. देहू येथे सरकारी डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. मापुसकर औषधे देऊन देऊन थकले. रोग परत परत येत. तेव्हा रोगाचे मूळ संडास नसण्यात आहे हे ओळखून त्यांनी अप्पासाहेबांच्या कामाचा धागा उचलला आणि संडासाला जोडलेल्या वायू-यंत्रात सुधारणा करून देहूत घरोघरी संडास उभे केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी १९७० पासून दोन खड्ड्यांच्या संडासाचा प्रसार केला. स्वतंत्र वाटा, पण तत्त्व तेच.

आणि हे केवळ गरीब देशाचे तात्पुरते उपाय आहेत असे कुणी समजू नये. इंग्लंडमध्ये हेन्री मूल नावाच्या पाद्र्याने पटकीची साथ पाहून कोरड्या मातीचा संडास काढला आणि १८६० साली त्याचे पेटंट घेतले. व्हिएतनाममध्ये १९५० नंतरच्या काळात दोन कप्प्यांचे खताचे संडास खेडोपाडी बांधले गेले. जपानमध्ये जिथे गटाराचे जाळे पोचत नाही तिथे घराच्या अंगणातच सांडपाणी शुद्ध करणारी जोहकासो नावाची टाकी बसवतात. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही सुमारे पाचांतल्या एका घराचे सांडपाणी स्वतःच्या आवारातच जिरवले जाते. सांडपाण्याची व्यवस्था म्हणजे दूरवर नेणारे भुयारी गटारच, हा समज जगाने केव्हाच सोडला आहे. घराजवळची व्यवस्था नीट बांधली आणि नीट सांभाळली तर ती तितकीच चांगली ठरते. अप्पासाहेब हेच सांगत होते. फक्त त्यांनी त्यात आणखी एक अट घातली होती, की ती सांभाळताना कुणा माणसाला माणूसपणातून खाली उतरावे लागू नये.

ही अट मला पुस्तकात पटली. पण ती खरी कळली ती बाबांमुळे.

आमच्याकडे सेप्टिक टँकला सगळे सेफ्टी टाकी म्हणतात. ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो मोठी टाकी मागतो. दोन लहान खड्डे ही गरिबाची गोष्ट, अनुदानाची गोष्ट. मोठी टाकी ही प्रतिष्ठा. ती जितकी मोठी तितकी ती कधी भरणारच नाही असा मालकाला विश्वास. खरे पाहता टाकीत मैल्याचा फक्त गाळ खाली बसतो. वरून बाहेर पडणारे पाणी घाणच असते. ते शोषखड्ड्यात गेले पाहिजे. आमच्या भागात ते बहुधा उघड्या नालीत सोडतात. आणि गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तो कोण उपसणार? टोपली गेली असे आपण म्हणतो. ती जमिनीखाली गेली आहे एवढेच.

तीन वर्षांपूर्वी एका घराच्या जुन्या टाकीतली आडवी भिंत पडली म्हणून बाबांना बोलावले होते. टाकी गाडीने उपसून रिकामी केलेली होती. झाकण थोडा वेळ उघडे ठेवले होते. बाबा शिडीने खाली उतरले आणि त्यांना गरगरले. वर उभ्या असलेल्या सोबतच्या मजुराने आत न उतरता त्यांच्या दंडाला धरून, ओरडून माणसे जमवून, त्यांना वर ओढले. तो आत उतरला असता तर दोघेही गेले असते. अशा टाकीत विषारी वायू साचतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि वायू जास्त असला की नाकच बधिर होते, म्हणून वास गेला असे वाटते. बाबा संध्याकाळी दवाखान्यात शुद्धीवर आले. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला उतरवू नये असे कायदा सांगतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई ठरवली. पण बाबांना हा कायदा ठाऊक नव्हता आणि मालकालाही नव्हता. त्या रात्री आईने चूल पेटवली नाही.

आमच्या स्वतःच्या घरी मात्र दोन खड्ड्यांचा संडास आहे. २०१७ साली बारा हजारांच्या अनुदानातून तो बाबांनीच बांधला. आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी पीत नाही, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीत नुसता खड्डा पाण्याने भरून राहतो. म्हणून खड्ड्याच्या जाळीदार भिंतीबाहेर चोहोबाजूंनी फूटभर जाडीचा वाळू-गिट्टीचा थर द्यावा लागतो. ही युक्ती बाबांनी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. विहीर बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याकडून ते शिकले होते. पहिला खड्डा २०२२ साली भरला. बाबांनी मधल्या हौदातली वाट बदलून दुसरा सुरू केला आणि पहिला मिटून टाकला. त्यानंतर तो तसाच पडला होता. तो उघडायचा ही गोष्ट घरात कुणी काढत नव्हते.

अप्पासाहेबांचे चरित्र वाचून झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी ती काढली. आजी तर उठून आत निघून गेली. बाबांचा आक्षेप वेगळा होता. आपण खड्डा उपसताना कुणी पाहिले तर उद्या लोक आपल्याला स्वयंपाकघराचा ओटा बांधायला बोलावणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. मी त्यांना रत्नागिरीच्या तुरुंगाची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, की एवढा शिकलेला माणूस हे काम मागून का घेत होता? मला नीट उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच झाकणाला पहार लावली. झाकण काढून खड्डा दिवसभर उघडा ठेवला, कुणालाही जवळ जाऊ दिले नाही. आता ते हे विसरत नाहीत.

फावडे मात्र माझ्या हातात होते. इथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल करतो. खड्ड्याजवळ गेल्यावर मी आधी आत पाहिले नाही; मी आधी बोळीत कुणी येत-जात आहे का ते पाहिले. अप्पासाहेबांवर टिपण लिहिणारा मी, आणि माझे डोळे बोळीकडे! त्या क्षणी मला कळले की मैला खड्ड्यात दोन वर्षांत कुजून जातो, पण मनातला विटाळ पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही. मग मी आत पाहिले. काळी, कोरडी, भुसभुशीत माती होती. वास म्हणाल तर पहिल्या पावसानंतरच्या वावराचा. मुठीत घेतली तर ती बोटांतून गळून पडली. आम्ही ती सात-आठ घमेली काढून परसातल्या लिंबाच्या बुडाशी आणि वावराच्या बांधावरच्या पपईला घातली. आजीने संध्याकाळी लिंबाच्या झाडाकडे जाऊन पाहिले. ती काही बोलली नाही; पण पायाने ती माती सारखी करून आली.

यानंतर एक बदल झाला. बाबा आता टाकी मागायला येणाऱ्याला आधी आमचा उघडलेला खड्डा दाखवतात. सगळे ऐकत नाहीत. दोघांनी ऐकले. दोघांच्या घरी दोन खड्डे झाले, वाळू-गिट्टीसह. पुढच्या काळात या दोन घरांत कुणाला टाकीत उतरावे लागणार नाही. हिशेब लहान आहे, पण अप्पासाहेबांचा हिशेबही एकेका खड्ड्याचाच होता.

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण पदवी घेऊन शेतातून, मातीतून, आईबापाच्या कामातून दूर जाण्याची स्वप्ने पाहतो. मीही पाहतो. शिक्षण त्यासाठीच आहे असे आपल्याला सांगितले जाते. अप्पासाहेब मात्र एम. ए. होऊन मातीकडे परत आले, आणि शिक्षणाने मिळालेली बुद्धी त्यांनी समाजातल्या सर्वांत तुच्छ मानलेल्या कामाला दिली. सर्वांनी झाडू घ्यावा असे त्यांचे मागणे नव्हते. डोक्यावरची टोपली खाली उतरावी आणि ती पुन्हा कुणाच्याच डोक्यावर जाऊ नये एवढीच त्यांची मागणी होती. ती अजून पूर्ण झालेली नाही. ती पूर्ण करणे आपल्या हातात आहे, निदान आपल्या परसात तरी.

आता वर्गात कुणी वडिलांचा धंदा विचारला तर मी पूर्ण उत्तर देतो. या कर्मयोग्याच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.